कोॲक्स किती वॉट पेलेल? माहितीपत्रकातल्या आकड्यापासून आपल्या गच्चीपर्यंतचा हिशेब

‘आरजी-५८ (रेडिओपासून अँटेनापर्यंत जाणारी पातळ कोॲक्स केबल) किती वॉट घेते?’ असं विचारलं की दहा हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, दहा आकडे सांगतात. कोणी शंभर म्हणतो, कोणी हजार. गंमत म्हणजे दोघंही बरोबर असू शकतात. शंभरवाला १४५ मेगाहर्ट्झवर एफएम लावून बसलेला असतो आणि हजारवाला ८० मीटरच्या बँडवर एसएसबीत (आवाज पाठवण्याची एक पद्धत) गप्पा मारत असतो. केबल तीच, पण तिच्यावरचा ताण वेगळा.

हा आकडा कुणाला विचारून मिळत नाही, तो काढावा लागतो आणि तोही ठरावीक क्रमाने. बहुतेकांची चूक या क्रमातच होते. आधी केबल घेतली जाते, मग कनेक्टर, मग लिनिअर (पॉवर वाढवणारा ॲम्प्लिफायर), आणि हिशेब सगळ्यात शेवटी, जळका वास आल्यावर.

## आधी एवढं पक्कं करा: केबल दोन तऱ्हांनी मरते

पहिली तऱ्हा उष्णतेची. मधल्या तारेतून आणि तिच्याभोवतीच्या जाळीतून करंट वाहतो, तार तापते, भोवतालचं पॉलिथिन मऊ पडतं आणि तार हळूहळू एका बाजूला सरकते. हा सगळा मामला सरासरी पॉवरचा आहे.

दुसरी तऱ्हा व्होल्टेजची. एका क्षणात ठिणगी पडते आणि कार्बनचा काळा माग राहतो. पुढच्या वेळी ठिणगी त्याच मागावरून, आणखी सहज जाते. हा मामला शिखर पॉवरचा.

दोन्ही हिशेब वेगळे करायचे आणि ज्याची मर्यादा आधी गाठली जाईल, ती आपली मर्यादा मानायची. एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) जुळलेल्या अँटेनाशी काम असेल तर बहुधा उष्णता आधी आडवी येते. ट्यूनर (रेडिओला अँटेना जुळलेला भासवणारं खोकं) लावून कुठल्याही बँडवर कुठलीही तार चालवणाऱ्यांना व्होल्टेज आधी गाठतं.

## टप्पा १ : माहितीपत्रक काढा आणि तळाच्या अटी वाचा

केबलवर नुसतं ‘आरजी-५८’ छापलंय म्हणून कुठूनही आरजी-५८ चा तक्ता उचलू नका. उत्पादकाचं नाव आणि पूर्ण क्रमांक बघा. नाव नसलेल्या केबलचं एक टोक कापून पाहा: जाळी दाट आहे का, की विरळ जाळीतून आतलं पांढरं इन्सुलेशन दिसतंय? मधली तार तांब्याची आहे, की तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी? चुंबक लावला की लगेच कळतं.

मग पॉवरच्या तक्त्याखालची बारीक अक्षरं वाचा. एलएमआर-४०० या जाड केबलचं उदाहरण घेऊ. तिच्या पत्रकात ३० मेगाहर्ट्झला ३.३ किलोवॉट, १५० ला १.५ किलोवॉट आणि ४५० ला ०.८३ किलोवॉट असे आकडे आहेत. पण अटी काय? एसडब्ल्यूआर १ (म्हणजे अँटेना पूर्ण जुळलेला, काहीच पॉवर परत येत नाही), भोवतालचं तापमान ४० अंश, मधली तार १०० अंशांपर्यंत, आणि केबलवर ऊन नाही.

ऊन नाही! चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या पुढे जातो. तिथल्या गच्चीवर काळ्या आवरणाची केबल पडलेली असेल, तर हा आकडा जसाच्या तसा घेऊन चालणार नाही.

तपासणी: चार गोष्टी कागदावर उतरल्या का? पॉवर आणि ती कोणत्या फ्रीक्वेन्सीला, गृहीत धरलेलं भोवतालचं तापमान, मधल्या तारेचं किंवा इन्सुलेशनचं कमाल तापमान, आणि १०० मीटरला किती डीबी (डेसिबल, पॉवर किती पट घटली याचं माप) नुकसान.

## टप्पा २ : आपली बाजू मांडा

आता स्वतःचे आकडे लिहा. सगळ्यात वरचा बँड कोणता? रिगमधून (रेडिओ संचातून) किंवा लिनिअरमधून जास्तीत जास्त किती वॉट निघतात? भारतात एचएफवर जनरल ग्रेडला ४०० वॉट आणि रिस्ट्रिक्टेडला ५० वॉट ही कमाल मर्यादा आहे. व्हीएचएफ-यूएचएफची (३० मेगाहर्ट्झच्या वरच्या बँडांची) मर्यादा आपल्या परवान्यावर वाचून घ्या.

त्यानंतर मोड, म्हणजे प्रसारणाची पद्धत. इथे माणसं फार फसतात, कारण ‘१०० वॉट’ हे शब्द प्रत्येक मोडमध्ये वेगळ्या उष्णतेबद्दल बोलतात. सरासरी पॉवर शिखराच्या किती टक्के, ते साधारण असं धरा:

- एफएम आणि आरटीटीवाय (रेडिओ टेलिटाइप): बटण दाबलेलं असेपर्यंत पूर्ण १०० टक्के.
- एफटी८ (संगणकावरून चालणारा डिजिटल मोड): ३० सेकंदांत १२.६४ सेकंद प्रसारण, म्हणजे ४२ टक्के.
- मोर्स: ४० ते ५० टक्के.
- एसएसबी, कॉम्प्रेसर (आवाजाची सरासरी पातळी चढवणारी सोय) बंद: सुमारे २० टक्के.
- एसएसबी, कॉम्प्रेसर चढवलेला: ४० ते ५० टक्के.

इशारा: एफएमवर ‘मी अर्धा वेळ ऐकतच असतो’ म्हणून आकडा निम्मा करू नका. पातळ केबल काही मिनिटांतच पुरेशी तापते. तुम्ही सलग पाच मिनिटं बोलत असाल, तर केबलच्या लेखी ते १०० टक्केच.

## टप्पा ३ : अँटेनापाशी एसडब्ल्यूआर किती आहे ते शोधा

शॅकमधला (रेडिओच्या खोलीतला) मीटर खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो. परत येणारी पॉवर केबलमधून येताना आणखी विरते, म्हणून शॅकमध्ये एसडब्ल्यूआर नेहमी कमी दिसतो. केबल जितकी पातळ, जुनी आणि लांब, तितका तो ‘छान’.

टोकाचं उदाहरण बघा. १४५ मेगाहर्ट्झवर ३० मीटर आरजी-५८ मध्ये साधारण ६ डीबी जातात. तिचं वरचं टोक पूर्ण मोकळं सोडलं, अँटेना लावलाच नाही, तरी शॅकमधला मीटर सुमारे १.७ दाखवतो! जाताना ६, येताना ६, मिळून १२ डीबीचा रिटर्न लॉस (परत आलेली पॉवर पाठवलेल्या पॉवरपेक्षा किती डीबीने कमी). वारा-पावसात अँटेनाची तार तुटून पडलेली असताना ‘एसडब्ल्यूआर बरा आहे’ म्हणत आठवडाभर हाका मारणारी मंडळी मी पाहिली आहेत. त्यांत एकदा मीही होतो.

उलटा हिशेब सोपा आहे. मीटरवरचा एसडब्ल्यूआर रिटर्न लॉसमध्ये बदला (नॅनोव्हीएनए हे छोटं मोजणी-यंत्र तो थेट दाखवतं) आणि त्यातून केबलच्या एकेरी नुकसानाची दुप्पट वजा करा. शॅकमध्ये १.५ म्हणजे १४ डीबी. केबलचं एकेरी नुकसान २ डीबी असेल तर १४ − ४ = १० डीबी, म्हणजे अँटेनापाशी एसडब्ल्यूआर सुमारे १.९. पुढच्या गणितात हाच आकडा घ्यायचा, १.५ नाही.

इशारा: ट्यूनर शॅकमध्ये असेल तर तो रिगला खूश करतो, केबलला नाही. ट्यूनरपासून अँटेनापर्यंतच्या केबलवर एसडब्ल्यूआर होता तेवढाच राहतो. म्हणून मोजमाप ट्यूनर बाजूला काढूनच करा.

## टप्पा ४ : उष्णतेचं गणित, याच क्रमाने

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. समजा, हातातल्या आरजी-५८ च्या पत्रकात १०० मेगाहर्ट्झला ३०० वॉट, भोवताल ४० अंश आणि घन पॉलिथिनची मर्यादा ८० अंश असं दिलंय. आपल्याला २८.५ मेगाहर्ट्झवर ४०० वॉट लावायचे आहेत आणि अँटेनापाशी एसडब्ल्यूआर २ आहे.

अ) फ्रीक्वेन्सी. केबलचं नुकसान साधारण फ्रीक्वेन्सीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं आणि पॉवरची मर्यादा त्याच प्रमाणात उतरते. १०० भागिले २८.५ म्हणजे ३.५, त्याचं वर्गमूळ १.८७. ३०० × १.८७ = सुमारे ५६० वॉट.

आ) एसडब्ल्यूआर. मर्यादेला एसडब्ल्यूआरने भागा. ५६० ÷ २ = २८०. केबलवर दर अर्ध्या तरंगलांबीला एक जागा अशी येते, जिथे करंट सर्वाधिक असतो. तिथली उष्णता साधारण याच प्रमाणात वाढते. बाकीची केबल थंड असली म्हणून काय झालं, वितळायला एवढी एक जागा पुरते.

इ) तापमान. पत्रकात ४० पासून ८० पर्यंत, म्हणजे ४० अंश चढायला वाव होता. उन्हात तापलेल्या गच्चीवर केबल प्रसारणाआधीच ६० अंशांवर बसली असेल, तर उरले २० अंश. वाव निम्मा झाला, म्हणून पॉवरही निम्मी: २८० चे १४०.

ई) वय आणि शंका. आणखी पाव भाग सोडा. जुनी जाळी, कुठेतरी दबलेला भाग, मीटरची चूक, सगळं यात आलं. राहिले सुमारे १०५ वॉट.

हे १०५ वॉट सरासरी आहेत. आता मोड लावा. ४०० वॉट एसएसबी, कॉम्प्रेसर बंद: सरासरी ८०. चालेल. तेच एफटी८ वर: १६८. नाही चालणार. कॉम्प्रेसर चढवून एसएसबी: १६० ते २००. तेही नाही. एकच केबल, एकच लिनिअर. कॉम्प्रेसरचं एक बटण सुरक्षित आणि असुरक्षित यांच्या मध्ये उभं असतं.

हीच पायरी एलएमआर-४०० ला लावा. ३३०० पासून सुरुवात. एसडब्ल्यूआर २ मुळे १६५०. उन्हात ६५ अंश धरले तर ६० पैकी ३५ अंशांचा वाव उरतो, म्हणून ९६०. पाव भाग सोडला की सुमारे ७२०. ४०० वॉट कुठल्याही मोडमध्ये बिनघोर. इथून पुढे काळजी केबलची नाही, कनेक्टरची.

तपासणी: उत्तर पटत नसेल तर उष्णता वॉट प्रति मीटरमध्ये काढून बघा. आरजी-५८ मध्ये २८ मेगाहर्ट्झला १०० मीटरला साधारण ८ डीबी जातात, म्हणजे पहिल्या मीटरमध्ये १.८ टक्के. ४०० वॉट सलग दिले तर त्या एका मीटरमध्ये ७ वॉटच्या वर उष्णता, तीही जेमतेम ५ मिलिमीटर जाडीच्या केबलमध्ये. जाड आरजी-२१३ केबलमध्ये तोच आकडा ३ वॉटच्या आसपास येतो आणि बाहेरचा पृष्ठभाग दुप्पट असतो.

आणखी एक: ‘केबल सुरक्षित आहे’ म्हणजे ‘केबल योग्य आहे’ असं नव्हे. ५० वॉट एफएम १४५ वर याच आरजी-५८ मधून पाठवा. अँटेनापाशी एसडब्ल्यूआर १.५ धरून वरचं सगळं गणित केल्यावरही मर्यादा ६० च्या आसपास येते, म्हणजे केबल जळणार नाही. पण २५ मीटरमध्ये ५ डीबी जातात आणि अँटेनाला १६ वॉट पोचतात. बाकीचे ३४ गच्ची तापवतात. गच्चीला त्याची गरज नसते.

## टप्पा ५ : व्होल्टेजचं गणित

शिखर व्होल्टेज = (२ × शिखर पॉवर × ५० × एसडब्ल्यूआर) याचं वर्गमूळ. इथे मोडची टक्केवारी लावायची नाही.

४०० वॉट आणि एसडब्ल्यूआर १ असेल तर २०० व्होल्ट. एसडब्ल्यूआर २ ला २८३. एसडब्ल्यूआर १० ला ६३२. इथवर केबल शांत असते. आरजी-२१३ चं इन्सुलेशन काही हजार व्होल्ट पेलतं. पण पीएल-२५९ या नेहमीच्या कनेक्टरच्या प्लग-सॉकेटची प्रचलित मर्यादा ५०० व्होल्ट शिखर आहे.

आता नेहमीचा अपघात. ४० मीटर बँडचा डायपोल (मधोमध जोडलेल्या दोन तारांचा अँटेना), कोॲक्सने जोडलेला, आणि ट्यूनर लावून २० मीटरवर चालवलेला. मधोमध फीड केलेली ती आता पूर्ण तरंगलांबीची तार होते, फीडपॉइंटचा (केबल जोडण्याच्या जागेचा) अवरोध काही हजार ओहम होतो, एसडब्ल्यूआर ६० किंवा त्याहून वर. साधे १०० वॉट असले तरी शिखर ७७५ व्होल्टच्या घरात. केबलमधलं नुकसान धरलं तर थोडं कमी, पण दीड किलोवॉटच्या नीट जुळलेल्या लाइनवर फक्त ३८७ व्होल्ट असतात, हे ध्यानात घ्या. ‘माझी तर शंभर वॉटची साधी रिग, मला काय होतंय’ असं म्हणणाऱ्यांचेच प्लग काळे होतात.

(तोच डायपोल १५ मीटरवर मात्र बऱ्यापैकी चालतो, कारण तिथे तो दीड तरंगलांबीचा होतो. अनेक बँड हवे असतील तर फीडपॉइंटपाशी ट्यूनर बसवा, किंवा शिडीसारखी दोन तारांची उघडी लाइन वापरा. कोॲक्सकडून तिचं काम नसलेली गोष्ट करून घेऊ नका.)

## टप्पा ६ : साखळीतली सगळ्यात कच्ची कडी शोधा

रिगपासून अँटेनापर्यंत जे जे जोडलंय ते क्रमाने लिहा: जंपर (जोडणीचा छोटा केबलचा तुकडा), मीटर, स्विच, विजेपासून संरक्षणाचा अरेस्टर, मुख्य केबल, चोक किंवा बालन (केबलच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणारं साधन). प्रत्येकाची मर्यादा समोर मांडा. सर्वांत लहान आकडा तुमच्या स्टेशनचा.

विसरल्या जाणाऱ्या दोन गोष्टी. पहिली म्हणजे शॅकमधला एक मीटरचा जंपर. मुख्य लाइन आरजी-२१३ आणि लिनिअरच्या पाठीमागे कुठल्याशा जुन्या खोक्यातून आलेला पातळ आरजी-१७४. दुसरी, अरेस्टरमधली गॅस ट्यूब: ती ठरावीक व्होल्टेजला पेटते, आणि जास्त एसडब्ल्यूआरवर तुमच्याच सिग्नलने पेटू शकते.

कनेक्टर निवडताना पांढऱ्या टेफ्लॉन इन्सुलेशनचा घ्या. स्वस्तातलं प्लास्टिक सोल्डर करतानाच वितळतं आणि मधली पिन तिरकी होते. बीएनसी लहान पॉवरसाठी ठीक, लिनिअरच्या मागे नको. व्हीएचएफच्या वर एन टाईप.

सोल्डरिंगबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण खरी राख इथेच होते. पीएल-२५९ वर जाळी सोल्डर करायला २५ वॉटची इस्त्री पुरत नाही. प्लगचं धातूचं अंग उष्णता खाऊन टाकतं, माणूस पाच मिनिटं इस्त्री टेकवून बसतो, आतलं पॉलिथिन वितळतं आणि जाळीवर मात्र कच्चा टाका बसतो. जाड टोकाची ८०-१०० वॉटची इस्त्री घ्या, भोकांभोवतीचा निकेलचा मुलामा कानशीने खरवडा, लवकर तापवा, सोल्डर वाहू द्या आणि लगेच काढा. पातळ केबलसाठी तिच्या मापाचा रिड्यूसर लावा. आणि हो, प्लगची बाहेरची फिरती चुडी आधी केबलवर ओवा. नाहीतर सगळं पुन्हा.

तपासणी: केबलचं दूरचं टोक मोकळं ठेवून मल्टिमीटर लावा: तार आणि जाळी यांच्यात अजिबात कंडक्शन नको. मग दूरच्या टोकाला दोन्ही जोडा: २० मीटर आरजी-२१३ ला, मीटरच्या तारांचा रोध वजा करून, अर्ध्या ओहमच्या आत आकडा यायला हवा. केबल हलवताना आकडा नाचला तर टाका कच्चा.

इशारा: डिश टीव्हीची ७५ ओहमची केबल स्वस्त आणि सहज मिळते. तिची मधली तार बहुतेक वेळा मुलामा दिलेली पोलादी आणि जाळी ॲल्युमिनियमची असते, त्यामुळे सोल्डर धरत नाही. रिसीव्हरला चालेल. लिनिअरला नको.

## टप्पा ७ : ओढताना आणि बसवताना

वळण मोठं ठेवा: केबलच्या जाडीच्या निदान दहापट त्रिज्या. फोम इन्सुलेशनच्या केबलला हे जास्त लागू, कारण तापल्यावर आणि ताणाखाली मधली तार फोममधून सरकते. खिडकीच्या चौकटीत चेंगरलेली किंवा झिप टायने आवळलेली केबल म्हणजे ठरवून केलेला दोष.

उरलेली केबल गुंडाळून पत्र्याखाली ठेवू नका. घरच्या एक्स्टेंशन बोर्डाची वायर रीळावर गुंडाळून हीटर लावला की काय होतं ते ठाऊक आहेच. इथेही मधल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही. जास्तीची केबल कापा. नुकसानही कमी होईल.

पाणी हा वेगळा शत्रू. जोडावर आधी स्वतःला चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळा, वर पीव्हीसी टेप. दोन्ही खालून वर, म्हणजे घड्या कौलांसारख्या बसतात आणि पाणी बाहेरून ओघळतं. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, थेंब तिथून गळतील. कोकणात आणि गोव्यात खारं वारं उघडी राहिलेली जाळी बघता बघता काळी करतं, आणि काळी जाळी म्हणजे वाढलेलं नुकसान.

## टप्पा ८ : पॉवर चढवा, पण पायरीपायरीने

आधी डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा ५० ओहमचा रोध). तो केबलच्या दूरच्या टोकाला लावा. दोन्ही टोकांना आळीपाळीने वॉटमीटर लावून मोजा: आत १०० आणि बाहेर ७९ म्हणजे १ डीबी गेले. पत्रकातल्या आकड्याशी ताडून पाहा. अर्ध्या डीबीहून जास्त फरक असेल तर पुढे जाऊ नका. आधी जोड तपासा, मग केबल.

मग अँटेना. चौथाई पॉवर दोन मिनिटं, प्रसारण बंद, हात लावून बघा. निम्मी, पुन्हा बंद, पुन्हा हात. मग पूर्ण. हात कुठे लावायचा? लोक वर चढून अँटेनाजवळची केबल चाचपतात. जुळलेल्या लाइनवर सर्वांत गरम भाग रिगजवळचा पहिला मीटर असतो, कारण पूर्ण पॉवर तिथूनच जाते. एसडब्ल्यूआर जास्त असेल तर मात्र गरम जागा अर्ध्या-अर्ध्या तरंगलांबीवर येतात. घन पॉलिथिनमध्ये लहर हवेतल्या वेगाच्या ६६ टक्के वेगानेच जाते, त्यामुळे २८.५ मेगाहर्ट्झवर हे अंतर सुमारे साडेतीन मीटर पडतं. सबंध लाइन चाचपा. फक्त फेराइटपाशीच गरम लागत असेल तर दोष बहुधा चोकचा आहे, केबलचा नाही.

इशारा: प्रसारण चालू असताना उघड्या धातूला हात नको, आरएफचा चटका खोलवर जातो. अँटेना स्विच फिरवतानाही आधी प्रसारण थांबवा. चालू पॉवरवर स्विच फिरवला की संपर्कांत ठिणगी आलीच.

तपासणी: सलग वाहक (आवाजाविना अखंड सिग्नल) लावल्यावर एसडब्ल्यूआरचा काटा हळूहळू सरकत जातो का? सुरुवातीला १.३, दोन मिनिटांनी १.८, थंड झाल्यावर पुन्हा १.३, असं दिसलं तर काहीतरी तापून बदलतंय. ट्यूनरने ते झाकू नका.

या पहिल्या दिवशीचे आकडे लॉगबुकात तारखेसह लिहा: बँडवार एसडब्ल्यूआर, केबलचं नुकसान, रोध. दिवाळीच्या सुमारास, पावसाळा सरल्यावर, तेच मोजमाप पुन्हा करा. नुकसान वाढलं असेल तर वरच्या टोकाचा कनेक्टर कापून जाळी बघा. तपकिरी दिसली तर एक फूट आणखी कापा, आणि स्वच्छ तांबं लागेपर्यंत कापत राहा.